हात न लावता चादर विकायची कशी? सोलापूरच्या छोट्या उत्पादकांसाठी ऑनलाइन मार्केटिंग

चाटी गल्लीत किंवा नव्या पेठेत चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक लगेच भाव विचारत नाही. आधी घडी उलगडतं, काठ चिमटीत धरून चोळतं, चादर हातावर तोलतं, उलटी करून मागची बाजू बघतं आणि मग म्हणतं, "कितीला?" तोवर त्याचं निम्मं ठरलेलं असतं. मोबाइलवर तीच चादर बघणाऱ्या नाशिकच्या किंवा नागपूरच्या बाईला यातलं काहीच करता येत नाही. ऑनलाइन विक्रीतली मूळ अडचण एवढीच आहे. फोटो, गुगल, व्हॉट्सॲप, रिव्ह्यू, परतीचे नियम ही सगळी त्या एकाच अडचणीची उत्तरं. हे डोक्यात पक्कं बसलं की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, ते बरंचसं आपोआप कळतं.

हे लिहितोय ते यंत्रमागावर चादर-टॉवेल काढणाऱ्यांसाठी, गणवेश शिवणाऱ्यांसाठी आणि शेंगा चटणी, कडक भाकरी करणाऱ्या घरगुती उद्योगांसाठी. उदाहरणं बहुतेक चादरीची घेतली आहेत, कारण हात लावून बघायची गरज तिथे सगळ्यात जास्त. आपल्याकडे बहुतेक मंडळी इन्स्टाग्रामवर "बूस्ट"चं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दाबून सुरुवात करतात. ते बटण या लेखात बरंच खाली येईल.

पहिलं काम कागदावरचं

एका नगावर हातात काय उरतं, हे माहीत नसताना जाहिरात करणं म्हणजे मीटर न बघता माग चालवणं. समजा, चादर ९०० रुपयांना विकायची आहे, घरपोच. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

बनवण्याचा खर्च ५२०. किमतीत धरलेला पाच टक्के जीएसटी सुमारे ४३ (खरेदीवरची वजावट तूर्त बाजूला ठेवू). पिशवी, पुठ्ठा, टेप मिळून २५. कुरिअर ११०. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचं शुल्क साधारण दोन टक्के, त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे २१. बेरीज ७१९. उरले १८१.

आता कॅश ऑन डिलिव्हरी धरा. दहा पार्सलं गेली, तीन परत आली. परत आलेल्या प्रत्येक पार्सलावर जायचे ११०, यायचे ११० आणि पॅकिंगचे २५, म्हणजे २४५ गेले. तिघांचे ७३५. विकल्या गेलेल्या सातांवर प्रत्येकी १८१ प्रमाणे १,२६७ मिळाले. हाती राहिले ५३२. आणि एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर १०० रुपये पडले असतील, तर दहा ऑर्डरींचे हजार गेले. एकूण ४६८ रुपयांचा तोटा, तोही सात चादरी विकून! त्याच दहा ऑर्डरींचे पैसे आधी आले असते आणि एकही परत आली नसती, तर जाहिरात वजा जाता ८१० रुपये उरले असते.

माल तोच, भाव तोच, जाहिरातही तीच. फरक पडला तो परतीच्या पार्सलांनी. म्हणून "आज किती ऑर्डर आल्या" यापेक्षा "किती पोचल्या आणि किती परत आल्या" हा प्रश्न आधी विचारायचा.

याच कागदावर कुरिअरचा एक छुपा खर्च लिहून ठेवा. बहुतेक कुरिअर कंपन्या काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं. दीड किलोची चादर ४० × ३० × १५ च्या खोक्यात सैल ठेवली, तर हिशेबात ३.६ किलो धरली जाते. तीच घट्ट घडी करून, हवा काढून ३६ × २८ × ८ च्या पाकिटात बसवली तर १.६ किलो. हे पैसे वाचवायला मार्केटिंगचा क्लास लावावा लागत नाही, घडी नीट घालणारा एक माणूस पुरतो.

हाताला जे कळतं ते डोळ्याला दाखवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महागडा कॅमेरा नको. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीशेजारी, थेट ऊन न पडणारी जागा, भिंत शक्यतो पांढरी किंवा फिकी. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत मरून रंग चॉकलेटी दिसतो आणि मग "फोटोत वेगळा होता" म्हणून चादर परत येते. फिल्टर अजिबात नको. रंग खुलवलेल्या फोटोने ऑर्डर येते आणि मालाने ती परत जाते.

पेठेतलं गिऱ्हाईक जे जे करतं, त्या प्रत्येकाचा एक फोटो किंवा छोटा व्हिडिओ काढायचा. पूर्ण चादर पलंगावर अंथरलेली, म्हणजे किती खाली येते ते दिसेल. काठ अगदी जवळून, इतका की सूत मोजता यावं. मागची बाजू, कारण आपल्या जेकार्ड चादरीची नक्षी मागे उलट्या रंगांत दिसते आणि छापील चादरीत ती नसते. फरक दाखवायला याहून सोपा पुरावा नाही. टेप लावून मोजलेली लांबी-रुंदी. आणि माझा सगळ्यात आवडता शॉट: स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर घडी केलेली चादर, आकडा स्पष्ट दिसतोय. हातावर तोलून बघायची जी सवय आहे, तिला मोबाइलवर दुसरा पर्याय नाही. टॉवेल विकत असाल तर जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) लिहा, पण सोबत वजन ग्रॅममध्येही लिहा. जीएसएम हॉटेलवाल्याला कळतो, घरातल्या बाईला ग्रॅम कळतात.

धुतल्यावरचा व्हिडिओ फार कमी लोक काढतात. पांढऱ्या बादलीत चादर भिजवायची, पाणी दाखवायचं. पहिल्या धुण्यात थोडा रंग जात असेल तर तेही दाखवायचं आणि लिहायचं: "पहिल्यांदा वेगळी धुवा, गार पाण्यात." लोक बिचकतील असं वाटतं, पण धुतल्यावर तक्रार करणारं गिऱ्हाईक आधीच सावध झालेलं असतं. आटत असेल तर किती आटते, तेही इंचात.

वर्णनही असंच मोजमापाचं. "उत्तम दर्जा, आकर्षक डिझाइन, टिकाऊ" हे शब्द प्रत्येकाच्या पानावर आहेत, म्हणून ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा: "शंभर टक्के सुती. साठ बाय नव्वद इंच, सिंगल बेड. वजन १,४५० ग्रॅम, वीस-तीस ग्रॅम इकडे-तिकडे. दोन्ही बाजूंनी वापरता येते. मशीनमध्ये धुता येते." आणि सूत मिश्र असेल तर मिश्र लिहा. पॉलिस्टरचा अंश असलेली चादर "प्युअर कॉटन" म्हणून खपवणारे आहेत; लोक आता धागा जाळून व्हिडिओ टाकतात.

शेंगा चटणीला हात लावायचा नसतो, चव घ्यायची असते, आणि ती तर मुळीच दाखवता येत नाही. तिथे उखळात किंवा यंत्रात कुटतानाचा जाडाभरडा पोत, तेल सुटलेली चटणी, भाकरीवर वाढताना. तिखटपणा सांगताना "आमच्या घरातलं लहान मूलही खातं" किंवा "ठसका लागेल" असं सरळ सांगा. पहिल्यांदा मागवणाऱ्यांसाठी शंभर ग्रॅमचं छोटं पाकीट ठेवा, नमुन्याचं काम तेच करतं. पाकीट डबल सील नसेल तर तेल बाहेर येऊन पार्सल तेलकट होतं, हे मात्र फोटोत कुणी दाखवत नाही.

'सोलापुरी' हे नाव तुमचं आहे, ते सिद्ध करा

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आपण जीआय टॅग म्हणतो तो. देशात ही नोंदणी सुरू झाल्यावर ज्या पहिल्या काही वस्तू नोंदल्या गेल्या, त्यांत या दोन होत्या. आणि तरीही बाहेरगावची, विशेषतः पानिपतकडची, चादर "सोलापुरी" म्हणून विकली जाते ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. ऑनलाइन तर हे आणखी सोपं. नाव टाइप करायला पैसे पडत नाहीत.

मानांकन असलं तरी ते वापरायचा हक्क प्रत्येक उत्पादकाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी जीआय नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ज्यांनी नोंदवलंय त्यांनी ते प्रमाणपत्र कपाटात न ठेवता प्रत्येक वस्तूच्या पानावर दाखवावं. ज्यांनी नाही, त्यांनी आपल्या संघटनेकडे चौकशी करावी.

कागदाच्या जोडीला खरा पुरावा म्हणजे माग. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला तुमचा शेड, चालू मागाचा खडखडाट, जेकार्डचे दोर वरखाली होताना, ताणा भरताना, चेकिंगच्या टेबलावर सुटलेला धागा शोधणारी बाई. दुसऱ्या राज्यातला व्यापारी चादरीचा फोटो चोरू शकतो, तुमच्या शेडमधला आवाज चोरून त्याला काय करायचंय? अशा व्हिडिओत मागवाला तेलुगूत बोलला तर बोलू द्या, खाली मराठी आणि हिंदीत दोन ओळी टाका. सोलापूरचा माग तसाच बोलतो. काम करणाऱ्यांना विचारल्याशिवाय मात्र त्यांचे चेहरे टाकू नका.

शोधणाऱ्याला सापडा

काही जण चादर घ्यायच्याच विचाराने गुगलवर येतात. त्यांना पटवायचं नसतं, फक्त सापडायचं असतं. म्हणून जाहिरातीच्या आधी हे.

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. दुकान, शेड किंवा कारखान्याच्या नावाने उघडा. खातरजमा करायला गुगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं: रस्ता, पाटी, आतला माल, सगळं एका सलग व्हिडिओत. पाटी लावलेली नसेल तर आधी लावा. नाव जे पाटीवर आहे तेच द्या. नावात "बेस्ट सोलापुरी चादर होलसेल" घुसडणं गुगलच्या नियमांत बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. मुख्य प्रकार अचूक निवडा, वेळा खऱ्या द्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावेळी, दिवाळीत वेळ बदलली तर तीही बदला. अक्कलकोटला, पंढरपूरला, तुळजापूरला जाणारे लोक वाटेत सोलापुरात थांबून चादर घेतात. गाडीत बसून "चादर दुकान" शोधणाऱ्याला तुमचं दुकान "बंद आहे" दिसलं, की तो पुढच्याकडे गेला.

लोक काय टाइप करतात ते अंदाजाने ठरवू नका. गुगलच्या चौकटीत "सोलापुरी चादर" लिहून थांबा, खाली सूचना येतात, त्या वहीत उतरवा. मग निकालाच्या पानावर "लोक हेही विचारतात" असे प्रश्न दिसतात, तेही. असंच हिंदीत करा, आणि रोमन लिपीतही. तिथे चादरचं स्पेलिंग कुणी एक डी लावून करतं, कुणी दोन. गुगल ट्रेंड्सवर कोणत्या महिन्यात शोध वाढतो तेही फुकट दिसतं. वहीत जमलेल्या या प्रश्नांची उत्तरं तुमच्या पानावर, वस्तूच्या वर्णनात, व्हिडिओच्या मथळ्यात त्याच शब्दांत द्या. "सोलापुरी चादर मशीनमध्ये धुवावी का?" असा प्रश्न असेल तर मथळा तोच.

गणवेशवाल्यांचं आणि हॉटेलांना टॉवेल पुरवणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. त्यांचं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर नसतं, ते इंडियामार्टसारख्या ठिकाणी "किमान किती नग, किती दिवसांत, नमुना मिळेल का" हे तीन प्रश्न घेऊन येतं. ही तीन उत्तरं पहिल्याच ओळीत द्या. चौकशी आली की तासाभरात फोन करा, कारण तीच चौकशी आणखी चौघांकडे गेलेली असते.

भाव लपवू नका

"किंमत इनबॉक्समध्ये", "डीएम फॉर प्राइस". ही सवय कुठून आली कळत नाही, पण सोडून द्या. पेठेत भाव विचारल्यावर "कानात सांगतो" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे कोण थांबेल? किंमत, कुरिअरचा खर्च, किती दिवसांत पोचेल, सगळं उघड लिहा. शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारा खर्च आणि "फक्त २ नग शिल्लक" ही खोटी घाई, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या युक्त्या म्हणून नोंदवल्या आहेत.

व्हॉट्सॲप हेच आपलं दुकान

छोट्या धंद्याला सुरुवातीला वेबसाइट लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप घ्या, शक्यतो वेगळ्या नंबरवर, नाहीतर रात्री अकराला घरच्या ग्रुपमध्ये चादरीचा कॅटलॉग जातो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तू फोटो, माप, वजन आणि किमतीसकट भरा. "नवीन चौकशी", "पैसे आले", "पाठवलं", "तक्रार" अशी लेबलं लावा. नेहमीच्या प्रश्नांना क्विक रिप्लाय करून ठेवा, पण तो माणसाने लिहिल्यासारखा वाटू द्या.

समजा, विचारणा आली: "दादा, चादर डबलबेडची आहे का, आणि रंग जातो का?"

वाईट उत्तर: "येस मॅम. प्लीज चेक कॅटलॉग."

चांगलं उत्तर: "नमस्कार ताई. डबलबेडची आहे, नव्वद बाय शंभर, वजन दोन किलोच्या थोडं वर. पहिल्या धुण्यात मरूनचा थोडा रंग जातो, निळ्याचा नाही. दोन्हींचे धुतलेले व्हिडिओ पाठवतो. नागपूरला चार-पाच दिवसांत पोचेल."

या उत्तरात विकण्याचा आग्रह कुठेच नाही, फक्त विचारलेल्याचं उत्तर आणि न विचारलेली एक उपयोगाची गोष्ट. समोरून "काका", "भाऊ" काहीही आलं तरी आपल्याकडून ताई, दादा, तुम्ही. आपसांतलं "काय बे" मित्रांसाठी राखून ठेवा. सोलापूरबाहेर त्याचा अर्थ भलताच लागतो.

ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पार्सलसोबत एक चिठ्ठी टाका: "हा नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन डिझाइन आलं की कळवू." महिन्यातून दोनदा, तेही सांगण्यासारखं काही असेल तरच मेसेज टाका. रोजची शुभ सकाळ टाकणाऱ्याचा नंबर लोक ब्लॉक करतात आणि मग दिवाळीचा मेसेजही पोचत नाही.

रील्सबद्दल थोडंच

आठवड्याला दोन पुरेत. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काहीतरी हलताना दिसलं पाहिजे: माग, काट्यावर चढणारा आकडा, बादलीतलं पाणी. लोगो फिरवत बसू नका. नाचायची गरज नाही.

आता जाहिरात

वरचं सगळं झाल्यावर. क्रम पाळायचं कारण साधं आहे: जाहिरातीने माणूस दारात येतो, आत माप-वजन-किंमत नसेल तर आल्या पावली परत जातो आणि त्याचे पैसे मेटाला, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीला, दिलेले असतात.

"बूस्ट"च्या बटणाऐवजी ॲड्स मॅनेजर (जाहिराती लावायचं मेटाचं साधन) शिका. सुरुवातीला "व्हॉट्सॲपवर मेसेज" हा प्रकार घ्या. जाहिरातीत किंमत लिहा, म्हणजे नुसती चौकशी करणारे कमी येतील. एकाच चादरीचे दोन वेगळे व्हिडिओ, उदाहरणार्थ काट्याचा आणि मागाचा, सारख्या पैशांत चालवा. तीन-चार दिवस हात लावू नका; रोज बदल केले की काय चाललं ते कधीच कळत नाही. मग ज्याने खऱ्या ऑर्डरी आणल्या तो ठेवा. लाइक ज्याने आणले तो नव्हे.

किती खर्च करायचा, तर परत जा त्या कागदाकडे. नगामागे १८१ उरत असतील तर एका पोचलेल्या ऑर्डरीवर जाहिरातीचे १८१ गेले की कमाई शून्य. मी तरी सुरुवातीला निम्म्यावर, म्हणजे ९० वर, रेघ ओढेन. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही यात धरा. सलग दोन आठवडे रेघेच्या वर खर्च जात असेल तर जाहिरात थांबवा आणि फोटो-वर्णनाकडे वळा. बहुतेक वेळा रोग तिथे असतो.

पैसे आणि पार्सल

कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद करणं अनोळखी गिऱ्हाइकाला जड जातं, सरसकट चालू ठेवणं तुम्हाला. मधला रस्ता म्हणजे शंभर रुपये आधी यूपीआयने, बाकी घरी. शंभर भरलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही. पाठवण्याआधी पत्ता, पिनकोड आणि एखादी खूण व्हॉट्सॲपवर पक्की करून घ्या.

फसवणुकीचा एक प्रकार चादर-टॉवेलवाल्यांना ओळखीचा असेल. फोन येतो, मोठी ऑर्डर असते, बोलणारा स्वतःला सैन्यातला सांगतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तसंच स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही. खात्यात दिसल्याशिवाय पार्सल हलवू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

रिव्ह्यू आणि तक्रारी

पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी एक मेसेज: "ताई, चादर कशी वाटली? धुतली का?" उत्तर चांगलं आलं की गुगलची लिंक पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका, गुगलला ते मान्य नाही. भाच्या-पुतण्यांकडून पाच तारे लिहून घेऊ नका. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिणं चालत नाही.

वाईट रिव्ह्यू आला तर वाद घालू नका. "तुमच्या चादरीच्या काठाचा धागा निघाला, बदलून पाठवत आहोत" एवढं लिहा आणि खरंच पाठवा. पुढचे शंभर जण त्या ओळी वाचतात. परतीचा नियम पानावर ठळक असू द्या: किती दिवसांत, कोणत्या कारणाने, येण्याचा खर्च कुणाचा.

कायद्याचं थोडक्यात

खाण्याचा पदार्थ विकता तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना हवाच, चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवा. सोबत घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, शाकाहारीची हिरवी खूण. पाकीटबंद कुठलीही वस्तू ऑनलाइन दाखवताना उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, परिमाण अशी माहिती पानावरही द्यावी लागते. जीएसटीबाबत, १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेतल्या छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्स संकेतस्थळांवर नोंदणीशिवाय माल विकायची सोय आहे, नावनोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायचा तर, काही हस्तकलेच्या वस्तू वगळता, नोंदणी लागते. आपल्या सीएशी एकदा बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

यादी आपल्या वहीत ठेवा

जून २०२० अखेर टिकटॉक बंद झालं, त्या दिवशी लाखो फॉलोअर असलेल्यांच्या हाती काही उरलं नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणारी फुकटची वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. दुसऱ्याच्या जागेत दुकान चालवायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकांची यादी आपल्याकडे हवी: नाव, नंबर, गाव, काय घेतलं, केव्हा. साध्या एक्सेलमध्ये, आणि त्यांना विचारून. ती कुणाला विकायची नाही, शेजारच्या दुकानदाराला द्यायचीही नाही.

या यादीचा उपयोग हंगामात कळतो. लग्नसराईत आहेराला चादरी-टॉवेल डझनाने लागतात. मागच्या वर्षी मुलीच्या लग्नाला वीस चादरी नेलेल्या काकांच्या घरी दुसरं लग्न आहे का, हे विचारायला जाहिरात लागत नाही. गणवेशवाल्यांनी शाळांना मार्चमध्ये विचारावं, जूनमध्ये नव्हे. दिवाळीच्या भेटींसाठी कंपन्या आधीच ठरवून टाकतात, तेव्हा गणपतीच्या सुमारास नमुने गेलेले हवेत. थंडीसाठी ऑक्टोबर. जुन्या गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या ऑर्डरीत जाहिरातीचा खर्च शून्य असतो, म्हणजे त्या १८१ मधले १८१ तुमचेच.

वेबसाइट कधी? यादीतून महिन्याला इतक्या ऑर्डरी येऊ लागल्या की व्हॉट्सॲपवर पत्ते लिहिताना चुका व्हायला लागतात, तेव्हा. त्याआधी नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, मात्र आजच घेऊन ठेवा, वर्षाला काही शे रुपयांत मिळतं आणि नंतर हवं ते नाव शिल्लक नसतं.

कुणाला काम द्यायचं असेल तर

पुण्याची एजन्सी असो की गल्लीतला इन्स्टाग्राम चालवणारा पोरगा, चार गोष्टी आधी ठरवा. पेज, जाहिरात खातं, गुगल प्रोफाइल आणि डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावाने उघडायचं; त्यांना वापरायला परवानगी द्यायची, मालकी नाही. जाहिरातीचे पैसे थेट तुमच्या कार्डावरून, त्यांची फी वेगळी. दर महिन्याला तीन आकडे मागायचे: खर्च किती, पोचलेल्या ऑर्डरी किती, परत किती आल्या. "रीच" (किती जणांना दिसलं) आणि "इम्प्रेशन"चे (किती वेळा दिसलं) रंगीत तक्ते आले तर हेच तीन आकडे पुन्हा विचारा. आणि "गुगलवर पहिला नंबर लावून देतो, गॅरंटी" असं कुणी म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा.